उसना विस्तव

दोन घरांमधले वैर किती विकोपाला गेले आहे हे सांगायचे झाले की मराठी माणूस ‘त्यांच्यात विस्तव जात नाही’ असे म्हणतो. शब्दप्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की त्यातला विस्तव आता आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. मला वाटते, घराघरांतून रात्री राखेखाली निखारा जपून ठेवला जाई, आणि तो पहाटेपर्यंत विझलाच तर घरातली एखादी मुलगी करवंटी घेऊन शेजारच्या मागील दारी उभी राही, त्या काळाची ही भाषा असावी. एक निखारा दिल्याने देणाऱ्याच्या चुलीतले काही उणे होत नसे. तरीही तो मागावा लागे. आणि तो कोणाच्या दारी मागता येतो व कोणाच्या दारी येत नाही यावर शेजाराची वीण अवलंबून असे. पीठ, मीठ, साखर उसनी आणली तर मोजून परत करता येते. विस्तवाची परतफेड तशी होत नाही. उद्या त्यांची चूल विझली आणि त्यांचे कोणी आपल्या दारी आले, तरच ती व्हायची.

ऊब मागण्याचा हा व्यवहार आपल्याकडून आता नाहीसा झाला आहे. गॅसच्या शेगडीला शेजार लागत नाही. ही सोय झाली याचे दुःख करण्याचे कारण नाही. धुराने डोळे चोळीत फुंकणी फुंकणाऱ्या आपल्या आयांना आणि आज्यांना विचारले असते तर त्यांनी जुन्या चुलीचे गोडवे गायिले नसते. प्रश्न वेगळा आहे. जिच्यावाचून माणूस जगू शकत नाही अशी गोष्ट दुसऱ्याजवळ आहे आणि आपल्याजवळ नाही, अशा वेळी ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे काय? देणाऱ्याच्या बाजूने ते कर्तव्य की उपकार? आणि ती मागण्याची, किंवा न मागता कोणी पुढे केली तर ती घेण्याची, आपल्याला लाज का वाटते? कोकणच्या दमट हवेत हे प्रश्न पुस्तकी वाटतील. वसईत पौषात एक गोधडी अधिक पांघरली की भागते. परंतु १९९८ च्या जानेवारीत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील आणि शेजारच्या ओंटारिओतील लक्षावधी माणसांना हेच प्रश्न एका आठवड्यात विचारले गेले, आणि उत्तरासाठी सवड फार थोडी मिळाली.

तिकडच्या माणसाला थंडी नवी नाही. उणे वीस अंशांतही तेथे शाळा भरतात, रस्त्यावरचे हिम यंत्रांनी बाजूला सारले जाते, बाजार चालू राहतो. पण त्या आठवड्यात पडले ते हिम नव्हते, पाऊस होता. दक्षिणेकडून आलेल्या उबदार, ओलसर हवेचा एक थर उंचावर पसरला होता, आणि त्याच्याखाली सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात शून्याखालची जड हवा अडकून बसली होती. वर तयार झालेले हिम उबदार थरातून येताना वितळले. खालच्या थंड थरातून येताना त्याला पुन्हा गोठायला अवधीच मिळाला नाही. असा थेंब शून्याखाली गेलेला असूनही द्रवच राहतो, आणि ज्या वस्तूला स्पर्श करील तिच्यावर तत्क्षणी काचेसारखा जमतो. असा पाऊस त्या भागात दर हिवाळ्यात काही तास पडतो, लोक जपून चालतात आणि विसरून जातात. १९९८ मध्ये तो ५ ते १० जानेवारीच्या दरम्यान, थांबून थांबून, ८० तासांहून अधिक पडला. मॉन्ट्रियलच्या परिसरात सुमारे १०० मिलिमीटर, कॉर्नवॉल येथे १०८, राजधानी ओटावात ८५. आपल्या जुलैतल्या एखाद्या दिवसाचाच पाऊस म्हणायचा. फरक इतकाच की त्याचा थेंबही वाहून गेला नाही. जेथे पडला तेथेच तो साचून राहिला.

या भाराखाली आधी झाडे मोडली. ज्या मेपल वृक्षांच्या रसावर त्या प्रदेशातील कित्येक शेतकरी कुटुंबांचा हंगाम उभा असतो, ते मधोमध चिरले गेले. मग विजेचे लाकडी खांब हजारोंनी आडवे झाले, आणि शेवटी उच्च दाबाच्या तारा वाहून नेणारे पोलादी मनोरे. एक कोसळला की तारांच्या ओढीने त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. कॅनडात ४० लाखांच्या आसपास लोक अंधारात गेले. सुमारे ६ लाखांना घर सोडावे लागले. मदतीसाठी १५ हजारांहून अधिक सैनिक उतरवण्यात आले. मॉन्ट्रियलच्या दक्षिणेला सँ-यासँत, ग्रॅन्बी आणि सँ-झाँ या तीन गावांमधल्या टापूला लोक ‘काळा त्रिकोण’ म्हणू लागले. तेथील काही घरांत दिवा लागायला महिना उलटला. ९ जानेवारीला मॉन्ट्रियलच्या जलशुद्धीकरण केंद्रांचीच वीज गेली, आणि एवढ्या मोठ्या शहरात काही तासांपुरतेच पाणी उरले.

आता या वर्णनात एक गोष्ट मागे राहते, आणि माझ्या मते तीच कळीची आहे. वीज गेली म्हणजे दिवे गेले, एवढाच अर्थ आपण घेऊ. क्वेबेकमध्ये वीज जाणे म्हणजे ऊब जाणे. उत्तरेकडील प्रचंड नद्यांवर धरणे बांधून त्या प्रांताने विपुल आणि स्वस्त वीज निर्माण केली, आणि बहुसंख्य घरे विजेवरच तापू लागली. भिंतीवरचे एक बटण फिरवले की खोली हवी तितकी उबदार. आजोबांच्या वेळची लाकडाची लोखंडी शेगडी कित्येकांनी मोडीत काढली, धुरांडी बुजवली. प्रत्येक घर आपल्यापुरते स्वयंपूर्ण झाले, असे त्या घरातल्या माणसांना वाटू लागले. वस्तुतः त्या घराइतके परावलंबी घर इतिहासात क्वचितच झाले असेल. त्याची चूल एक हजार किलोमीटर दूर होती, आणि ती पेटती ठेवणाऱ्या माणसांची नावेही त्याला ठाऊक नव्हती. विजेने शेजाऱ्यावरचे आपले अवलंबित्व संपवले, असे नव्हे. ते डोळ्यांआड केले. डोळ्यांआड झालेल्या ऋणाला माणूस फार लवकर स्वतःची कमाई समजू लागतो.

वादळात कॅनडात २५ हून अधिक माणसे दगावली. काही गारठून गेली, काही पडझडीत, काही आगीत. पण मृतांपैकी अनेकांचा अंत थंडीने झाला नाही, उबेने झाला. दारे-खिडक्या घट्ट लावून, फटींत कापडे कोंबून, घरातल्या घरात त्यांनी अंगणात वापरायची कोळशाची शेगडी पेटवली, किंवा तळघरात जनरेटर चालू केला. कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो गुपचूप घेतो; डोके जड होते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. आपल्याही देशात उत्तरेकडे दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी मृत आढळल्याच्या बातम्या येतात. गरिबीत ते घडते तेव्हा आपण परिस्थितीला दोष देतो, आणि तो रास्तच आहे. परंतु क्वेबेकमध्ये बहुतेक गावांत शाळेच्या इमारतीत नाहीतर सभागृहात उबदार आश्रयस्थान उघडलेले होते, तेथे गरम सूप होते, खाटा होत्या. तरीही माणसे आपल्या बंद दाराआड, आपली स्वतःची ऊब निर्माण करण्याच्या खटाटोपात मेली. त्यांना मूर्ख म्हणण्याची घाई मी करणार नाही. पण शेजारच्या दाराशी जाणे त्यांना त्या विषारी शेगडीपेक्षा अवघड का वाटले, याचा विचार करण्याचे आपण टाळू नये.

याच्या नेमकी उलट गोष्ट त्याच दिवसांत त्याच टापूतील गोठ्यांत घडत होती. तो प्रदेश दुधाचा. तेथील गाई यंत्राने दोहल्या जातात आणि दोहन चुकले की गाईची कास सुजते, ताप येतो, जनावर हातचे जाते. वीज नाही म्हणजे यंत्र नाही, आणि साठ-सत्तर गाई हाताने पिळणे घरातल्या तीन-चार माणसांच्या आवाक्यातले नव्हे. ज्याच्याजवळ ट्रॅक्टरवर चालणारा जनरेटर होता त्याने आपल्या गाई दोहून घेतल्या आणि मग तो जनरेटर शेजारच्या गोठ्यात नेला; तेथून पुढच्या, तेथून त्याच्या पुढच्या. रात्रंदिवस पाळ्या लावून एकेक यंत्र अनेक गोठ्यांत फिरले. प्रक्रिया-कारखाने बंद असल्याने दोहलेले दूध बहुतांशी ओतूनच द्यावे लागले. लाखो लिटर दूध गेले. दूध विकण्यासाठी हा खटाटोप नव्हताच, तो गाईचे दुखणे टाळण्यासाठी होता.

या जनरेटरवर तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक तास खर्च करावा असे मला नेहमी वाटते. तो कोणाचा? पावती ज्याच्या नावाची त्याचा, यात वाद नाही. मालकाने आपल्या गाई आधी दोहल्या, यातही कोणी खोट काढली नसती. पण आपल्या गाई झाल्यावर तो बंद करून कुलपात ठेवला असता तर? कायद्याने त्याला कोणी हात लावू शकले नसते. गावाने मात्र त्याला आयुष्यभर क्षमा केली नसती, आणि त्याच्याबाबतीत तिकडच्या भाषेत ‘विस्तव न जाण्या’सारखाच काही शब्दप्रयोग रूढ झाला असता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा’ या ग्रंथात हाच प्रश्न चोरीच्या प्रकरणात घेतला आहे. खाजगी मालकी त्यांना मान्य आहे. माणूस स्वतःच्या वस्तूची अधिक काळजी घेतो, इतके व्यावहारिक कारणही ते देतात. परंतु वस्तू मुळात निर्माण झाल्या त्या सर्व माणसांची गरज भागावी म्हणून, आणि ही मूळ योजना मानवी वाटपाने रद्द होत नाही. म्हणून गरज टोकाची आणि उघड असेल, दुसरा मार्ग नसेल, तर दुसऱ्याच्या मालमत्तेतून ती भागवून घेणे ही चोरीच होत नाही, असा निष्कर्ष ते काढतात. किती धाडसी विधान आहे हे! गारठ्याने मरणारा माणूस परक्याच्या लाकडांच्या राशीतून ओंडका उचलतो तेव्हा तो दया मागत नसतो. त्या घटकेपुरता तो ओंडका त्याचाही असतो.

याच्याविरुद्धचे मतही कोणीतरी स्पष्ट बोलून दाखवले पाहिजे. ते २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील टेक्सास राज्यात बोलले गेले. एरवी उबदार असलेल्या त्या राज्यावर ध्रुवीय थंडीची लाट आली, वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रे गोठली, आणि ४५ लाखांवर घरांची वीज गेली. केंद्र सरकारचे नियम लागू नयेत म्हणून त्या राज्याने आपली बहुतांश वीजवाहिनी शेजारच्या राज्यांपासून अलग ठेवली होती. परिणामी गरज पडली तेव्हा शेजाऱ्यांकडून फारशी वीज घेता येईना. संपूर्ण यंत्रणा कोसळायला ४ मिनिटे ३७ सेकंद उरली होती, असे नंतर सांगण्यात आले. राज्याने अधिकृतपणे मोजलेले मृत्यू २४६. त्या धामधुमीत कोलोरॅडो सिटी नावाच्या एका लहान गावाच्या महापौरांनी नागरिकांना उद्देशून जाहीरपणे लिहिले, त्याचा आशय असा की शासन तुमचे किंवा तुमच्या कुटुंबाचे काही देणे लागत नाही, बलवान तगतील, दुर्बळ नष्ट होतील. पुढे गदारोळ झाला आणि त्यांनी पद सोडल्याचे जाहीर केले. त्यांच्यावर तुटून पडणे सोपे होते. मला मात्र त्यांच्या शब्दांत एक प्रकारचा भाबडा प्रामाणिकपणा दिसतो. आपल्यापैकी पुष्कळजण जे मनात मानतात ते त्यांनी लिहून टाकले. कोणी कोणाचे काही देणे लागत नाही, हे वाक्य आपण दुसऱ्याला उद्देशून क्वचितच उच्चारतो. पण ‘मला कोणाचे काही नको’ हे वाक्य आपण अभिमानाने, मुलांसमोर, उच्चारीत असतो. ही दोन वाक्ये सख्खी भावंडे आहेत. त्याच थंडीत ह्यूस्टन शहरातील एका फर्निचरच्या व्यापाऱ्याने आपली दालने लोकांना मुक्कामासाठी उघडी केली आणि विक्रीच्या गाद्यांवर अनोळखी माणसे झोपली, हेही नोंदवले पाहिजे.

ख्रिस्ती परंपरेत थंडीची सर्वांत प्रसिद्ध कथा संत मार्टिनची. चौथ्या शतकातली गोष्ट. आमियँ नगराच्या वेशीपाशी तरुण सैनिक मार्टिनला एक उघडा भिकारी दिसला. सुल्पिसियस सेव्हेरस या त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की तो हिवाळा नेहमीपेक्षा कडक होता आणि पुष्कळ लोक त्या थंडीने मरत होते. मार्टिनने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. अर्धा झगा पांघरलेला शिपाई विचित्र दिसत होता म्हणून काही बघे हसले. आणि ज्यांच्याजवळ अधिक होते, ज्यांना स्वतः उघडे न पडता देता आले असते, असे काहीजण मनातून खजील झाले. त्या रात्री मार्टिनने स्वप्नात प्रभू येशूला पाहिले. प्रभूच्या अंगावर तो अर्धा झगा होता.

चित्रकारांनी शतकानुशतके हा प्रसंग रंगवला. घोडा, तलवार, लाल झगा, वाकलेला शिपाई. भिकारी बहुधा कोपऱ्यात. त्याला काय वाटले, झगा घेताना त्याने क्षणभर तरी हात आखडला काय, दुसऱ्या दिवशी तो अर्धा झगा पांघरून गावात फिरताना त्याला कोणी ओळखले काय, याविषयी कथा मौन पाळते. आपली सगळी नीतिकथा, आपली प्रवचने, आपले धर्मशिक्षणाचे वर्ग देणाऱ्याच्या बाजूने बोलतात. उघड्याला वस्त्र द्यावे, परक्याला घरात घ्यावे. घेणाऱ्याने कसे घ्यावे याचा धडा कोठेच नाही. आणि तरीही मत्तयच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाचा प्रसंग नीट पाहिला, तर तेथे प्रभू स्वतःसाठी जी जागा निवडतो ती देणाऱ्याची नाही. जो परका होता आणि ज्याला घरात घेतले गेले, जो उघडा होता आणि ज्याला पांघरूण मिळाले, त्याच्या जागी तो उभा राहतो. मार्टिनच्या स्वप्नातही तसेच. दिलेला झगा तो अंगावर घेतो, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही.

ग्रीक तत्त्वज्ञाला हे पटले नसते. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात ज्या महामना पुरुषाचे चित्र रेखाटले आहे त्याला उपकार करायला आवडतात आणि उपकार घ्यायची लाज वाटते. आपण कोणावर काय उपकार केले हे तो लक्षात ठेवतो. आपल्यावर कोणी केले ते विसरतो. हा पुरुष जुन्या ग्रंथात राहिलेला नाही. तो आपल्या गल्लीत राहतो, सोसायटीच्या सभेला येतो, आणि आजारी पडला तर कोणाला कळवत नाही. ॲलिस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वचिंतकाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डिपेंडंट रॅशनल ॲनिमल्स’ या पुस्तकात याच महामन्यावर बोट ठेवले आहे. माणूस जन्मतः दुर्बळ असतो, म्हातारपणी पुन्हा दुर्बळ होतो, मधल्या काळातही केव्हा दुर्बळ होईल याचा नेम नसतो. म्हणून आपले अवलंबन मान्य करणे हाही सद्‌गुणच आहे, आणि कृतज्ञतेने घेता येणे हे देण्याइतकेच शिकावे लागते, असे त्याचे प्रतिपादन आहे. पुस्तक वादळाच्या पुढच्याच वर्षी निघाले हा निव्वळ योगायोग. पण त्या वादळाची आठवण मनात ठेवून ते वाचले तर अधिक उमगते.

घेणे किती अवघड असते याचे एक उदाहरण माझ्या नात्यातले आहे. २०१३ च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर टोरांटो शहरावर असेच बर्फाचे वादळ आले आणि सुमारे ३ लाख ग्राहकांची वीज गेली. हजारो घरांत नाताळच्या दिवशीही अंधार होता. आपल्या वसईची किती मुले त्या शहरात स्थायिक झाली आहेत हे वाचकांना सांगायला नको. माझा भाचा, त्याची बायको आणि दोन लहान मुले स्कारबरो भागात राहत होती. गाडीत बसून फोन चार्ज करून त्याने घरी फोन केला. “मामा, काळजी करू नका. आम्ही सगळे एका खोलीत आहोत, चार-चार स्वेटर घातलेत.” शेजारी कोणाकडे शेकोटी आहे का, असे मी विचारले. “आहे हो, बाजूच्या म्हाताऱ्या बाईंच्या घरातून धूर निघताना दिसतो. पण ओळख नाही ना. कसं जायचं कोणाच्या घरी?” त्या घरात येऊन त्याला चार वर्षे झाली होती. मी काही बोललो नाही. चाळिशीच्या माणसाला परदेशात कसे वागावे हे हजारो मैलांवरून सांगण्यात अर्थ नसतो.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंनीच याचे दार ठोठावले. माझ्याकडे या, शेक घ्या, असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारले, माझी लाकडे गॅरेजमध्ये आहेत, मला ओंडके उचलवत नाहीत, तेवढे जरा आत आणून द्याल काय? भाच्याने लाकडे आणून दिली. मग शेकोटीपाशी बसणे आलेच. मग मुलांना बोलावणे आले. तीन रात्री ते सगळे त्या बाईंच्या दिवाणखान्यात झोपले, आणि नाताळचा केक तेथेच कापला. त्या बाईंना खरोखर ओंडके उचलवत नव्हते की नव्हते, हे भाच्याला आजतागायत कळलेले नाही. मला विचाराल तर ते कळण्याची गरजही नाही. देणाऱ्याने मागणाऱ्याची भूमिका घ्यावी, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही, ही युक्ती आपल्या आज्यांनाही ठाऊक होती. ‘वाटीभर कालवण उरलंय, वाया जाईल, तेवढं घेऊन जा’ या वाक्यात ती असे. कालवण उरलेले नसे.

परंतु प्रत्येक जण दार उघडीलच असे नाही, आणि येथे हा विषय खरा बिकट होतो. १९९८ मध्ये क्वेबेकचे मुख्यमंत्री लुसियाँ बुशार आणि वीज महामंडळाचे अध्यक्ष आंद्रे काये रोज वार्ताहर परिषद घेत, परिस्थिती सांगत. लोकांनी थंड घरांत न थांबता आश्रयस्थानांकडे जावे, अशी विनवणी मुख्यमंत्री करीत. सैनिक, पोलीस आणि स्वयंसेवक घरोघरी जाऊन पाहत होते. त्यांना दार न उघडणारे, किंवा उघडून ‘मी येथेच बरा आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांत म्हातारी माणसे अधिक. त्यांची कारणे हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मांजर एकटे कसे सोडायचे? नळ फुटून घरभर पाणी झाले तर? चोर आले तर? ज्या पलंगावर नवरा वारला तो सोडून व्यायामशाळेतल्या कॅम्पखाटेवर, दोनशे अनोळखी माणसांत, रात्रभर दिवे चालू असताना झोपायचे? साठ वर्षे स्वतःच्या स्वयंपाकघराची मालकीण असलेल्या बाईने हातात ताट घेऊन रांगेत उभे राहायचे? ज्याला हे सोपे वाटते त्याने एकदा आपल्या आईला त्या रांगेत कल्पून पाहावे.

अशा माणसाला उचलून न्यावे काय? काहींच्या मते जीव वाचवणे हेच पहिले कर्तव्य, मान-अपमान नंतर पाहता येईल. मला ते सरसकट पटत नाही. ज्याचे मन ठिकाणावर आहे त्याला त्याच्या घरातून बळाने ओढून काढणे म्हणजे, त्याला वाचवताना, ज्याला वाचवायचे तोच माणूस मोडणे. पण एकदा सांगून पाठ फिरवणे आणि ‘आम्ही विचारले होते, तेच नको म्हणाले’ अशी नोंद करून मोकळे होणे, हेही मला तितकेच अमान्य आहे. पहिल्या दिवशीचा नकार हा बहुधा नकार नसतो. तो अब्रूचा पडदा असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते, मांजरासाठी पेटी घेऊन. तिसऱ्या दिवशी त्याच्या ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन. आश्रयस्थानात आलेल्याला नुसते पांघरूण देऊन कोपऱ्यात बसवण्याऐवजी बटाटे सोलायला बसवावे, मुलांवर लक्ष ठेवायला सांगावे. ज्याच्या हाती काही काम आहे त्याला ताट घेताना हात आखडावा लागत नाही. एवढे करूनही कोणी आलाच नाही तर त्याच्या घरात बसून त्याच्याबरोबर कुडकुडण्याची तयारी असलेला एक तरी माणूस त्या गल्लीत असावा. तसा नसेल तर त्या मृत्यूचा दोष एकट्या म्हाताऱ्याच्या हट्टावर टाकण्याचा कोणाला अधिकार आहे, हे मला ठरवता येत नाही.

वादळानंतर क्वेबेकने पुष्कळ काही शिकून घेतले. एक मनोरा पडला तर सगळी रांग कोसळू नये म्हणून मध्ये मध्ये अधिक भक्कम मनोरे उभारण्यात आले, आणि तारांवरचा बर्फ वितळवणारी यंत्रणा लेवी येथील उपकेंद्रात बसवण्यात आली. मग पंचवीस वर्षांनी, २०२३ च्या एप्रिलच्या ५ तारखेला, मॉन्ट्रियलवर पुन्हा गोठणारा पाऊस पडला. मोठे मनोरे या वेळी उभे राहिले. फांद्या मात्र गल्लीबोळांतल्या तारांवर कोसळल्या आणि १० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. ती बहुतेकांकडे काही दिवसांत परत आली. तो पुण्य सप्ताह होता. त्या दिवसांत शहरातील रुग्णालयांत कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेली माणसे पुन्हा येऊ लागली. कोणी घरात कोळशाची शेगडी पेटवली होती. एक वृद्ध गृहस्थ, ज्यांनी आपल्या गॅरेजात जनरेटर चालू ठेवला होता, दगावले.